वितळलेले आइस्क्रीम पुन्हा गोठवताना : किती वेळ, कशात आणि केव्हा मुळीच नाही

वितळलेले आइस्क्रीम पुन्हा घट्ट व्हायला किती वेळ लागतो, या प्रश्नाचे सरळ उत्तर आधी देतो. उणे १८ अंश सेल्सिअस तापमान राखणाऱ्या घरगुती फ्रीझरमध्ये १०० मिलिलिटरचा कप साधारण ३ ते ४ तासांत, अर्ध्या लिटरचा डबा ६ ते ८ तासांत, एक लिटरचा डबा १० ते १२ तासांत आणि समारंभासाठी आणलेला ४ लिटरचा डबा पूर्ण एका दिवसात किंवा त्याहून थोड्या अधिक वेळात मध्यापर्यंत गोठतो. तेच आइस्क्रीम धातूच्या ताटात दोन सेंटिमीटर जाडीचा थर करून ठेवले, तर २ ते ३ तास पुरतात. फ्रीझर किती भरलेला आहे, त्यात पंखा आहे की नाही आणि दार किती वेळा उघडले जाते, यांनुसार हे आकडे मागेपुढे होतात, पण त्यांचा क्रम बदलत नाही.

मात्र फ्रीझरमध्ये किती वेळ ठेवायचे हे विचारण्याआधी ते फ्रीझरबाहेर किती वेळ होते हे विचारावे लागते, कारण त्यावर ते खाण्याजोगे उरले आहे की नाही हे ठरते. शिवाय गोठायला लागणारा वेळ हा नुसता वाट पाहण्याचा वेळ नसतो. आइस्क्रीम जितके हळू गोठते तितके त्यातील बर्फाचे कण मोठे होतात आणि जिभेला तितकी कचकच लागते. म्हणून पुढे जी काही कृती सांगितली आहे, तिचा सगळा रोख हा वेळ कमी करण्यावर आहे.

आधी ठरवावे : ठेवायचे की टाकायचे

पुण्यात आइस्क्रीम वितळण्याची दोन कारणे नेहमीची आहेत. पहिले म्हणजे स्कूटरची डिकी. आसनाखालची ती बंद पेटी इंजिनाच्या उष्णतेने तापते, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास असताना लक्ष्मी रस्त्यावरून सिंहगड रस्त्यापर्यंत डिकीतून नेलेला डबा हँडलला लटकवून नेलेल्या डब्यापेक्षाही लवकर पातळ होतो. दुसरे म्हणजे वीज. महावितरणची देखभाल-दुरुस्तीची कामे शहरात बहुधा गुरुवारी निघतात आणि काही भागांत सकाळी गेलेली वीज दुपार उलटेपर्यंत येत नाही. या दोन प्रसंगांतील वितळणे वेगळे आहे आणि त्यांचा निवाडाही वेगळाच करावा लागतो.

अन्नसुरक्षेचा सर्वमान्य नियम असा आहे की, दुधाचे पदार्थ ५ अंशांपेक्षा अधिक तापमानात एकूण दोन तासांहून जास्त वेळ राहू नयेत, आणि बाहेरचे तापमान ३२ अंशांपेक्षा जास्त असेल तर ही मुदत एकाच तासाची धरावी. पुण्याच्या उन्हाळ्यात दुपारी ११ ते ५ या काळात तासाचाच नियम लागू होतो, असे समजून चालावे. ही मुदत आइस्क्रीम दुकानातून निघाल्यापासून मोजायची नसते, तर त्याचे तापमान ५ अंशांच्या वर गेल्यापासून मोजायची असते. बर्फाचे कण शिल्लक आहेत तोवर आइस्क्रीम शून्याच्याही खालीच असते. त्यामुळे कडा सैल झालेल्या, पण मध्ये घट्ट गोळा राहिलेल्या डब्याची काळजी करण्याचे कारण नाही.

ज्यांच्याकडे स्वयंपाकाचा थर्मामीटर आहे त्यांनी तो डब्याच्या मध्यभागी व कडेला असा दोन ठिकाणी घालून पाहावा. तो नसेल तर स्वच्छ, कोरडा चमचा न ढवळता तळापर्यंत खुपसून पाहावा. चमच्याला घट्ट भाग किंवा बर्फाची चुरचुर लागली तर मिश्रण अजून पुरेसे थंड आहे. सगळे एकजीव पातळ झाले असेल, पण डब्याचा तळ हाताला फ्रीजमधल्या दुधाच्या पिशवीइतका गार लागत असेल, तर ते लगेच वापरण्याजोगे आहे. डबा नुसता कोमट किंवा खोलीच्या तापमानाचा लागला आणि तो केव्हापासून तसा आहे हे घरात कोणालाच सांगता येत नसेल, तर तो टाकून द्यावा.

येथे एक फसगत होऊ शकते. स्कूपचा आकार टिकून आहे म्हणजे ते थंड आहे, असे अनेकजण मानतात. हल्लीच्या बऱ्याच आइस्क्रीममध्ये, आणि वनस्पती तेलापासून बनणाऱ्या फ्रोझन डेझर्टमध्ये तर हमखास, गवार गम, कॅराजीनन यांसारखे घट्टपणा देणारे पदार्थ असतात. वेष्टनावर स्टॅबिलायझर ४१२, ४०७, ४१०, ४६६ आणि इमल्सिफायर ४७१ असे जे क्रमांक दिसतात ते यांचेच. हे घटक असलेले मिश्रण बर्फ पूर्ण वितळल्यावरही फेसासारखे उभे राहू शकते. तेव्हा आकार पाहू नये, गारवा पाहावा.

'पुन्हा गोठवले की जंतू मरतील' ही समजूतही चुकीची आहे. गोठवल्याने बहुतेक जीवाणू मरत नाहीत, ते फक्त वाढायचे थांबतात, आणि लिस्टेरियासारखा जीवाणू तर फ्रीजच्या थंडाव्यातही संथपणे वाढत राहतो. उकळून घेण्यानेही काम भागत नाही, कारण स्टॅफिलोकॉकस या जीवाणूने एकदा विष तयार केले की ते उकळल्यावरही टिकते. १९९४ साली अमेरिकेत कच्ची अंडी वाहून नेलेल्या टँकरमधून पाश्चराइज केलेले आइस्क्रीमचे मिश्रण नेल्यामुळे साल्मोनेला या जीवाणूची फार मोठी साथ पसरली होती आणि बाधितांची संख्या दोन लाखांवर गेल्याचा अंदाज होता. गोठलेल्या अवस्थेत घरोघर पोहोचलेल्या पदार्थातूनच ती साथ पसरली. घरात गरोदर स्त्री, तान्हे मूल, वयोवृद्ध माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेला रुग्ण असेल, तर पूर्ण पातळ झालेले आइस्क्रीम त्यांच्यासाठी पुन्हा गोठवूच नये. कच्चे अंडे घातलेले घरगुती आइस्क्रीम पातळ झाले असेल तर ते कोणासाठीही ठेवू नये.

वीज गेल्यावर फ्रीझरमध्ये नेमके काय झाले हे कळावे म्हणून एक साधी सोय करून ठेवता येते. वाटीभर पाणी फ्रीझरमध्ये गोठवावे आणि त्या बर्फावर एक रुपयाचे नाणे ठेवावे. बाहेरगावाहून परतल्यावर नाणे वरच असेल तर काही बिघडलेले नाही. ते मध्ये कुठे तरी अडकले असेल तर बर्फ अर्धवट वितळून पुन्हा गोठला आहे. नाणे तळाशी असेल तर बर्फ पूर्ण वितळला होता आणि आतले आइस्क्रीम दिसायला कितीही घट्ट असले तरी ते एकदा पातळ झालेले आहे. स्वतंत्र, भरलेला डीप फ्रीझर दार बंद ठेवल्यास सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास थंडावा धरून ठेवतो. एकदारी फ्रीजमधल्या लहानशा बर्फकप्प्याकडून इतकी अपेक्षा धरता येत नाही.

वितळताना काय निसटते

आइस्क्रीम म्हणजे निव्वळ गोठलेले गोड दूध नव्हे. त्यात बर्फाचे बारीक कण, स्निग्धांशाचे गोळे, साखरेचा न गोठलेला दाट पाक आणि या सर्वांच्या जोडीला भरपूर हवा असते. आपल्याकडच्या नियमांनुसार एक लिटर आइस्क्रीमचे वजन किमान ५२५ ग्रॅम असले पाहिजे, म्हणजे डब्यातला जवळपास निम्मा भाग हवेचा असू शकतो. डब्यावर मिलिलिटर आणि ग्रॅम असे दोन्ही आकडे छापलेले असतील तर ते ताडून पाहावेत. जेवढी तफावत मोठी, तेवढी हवा अधिक आणि तेवढे ते वितळल्यावर खाली बसणार. वितळलेल्या डब्यात आइस्क्रीमची पातळी निम्म्यावर आलेली पाहून कोणी तरी चमचा मारून गेले असा संशय घेऊ नये. बाहेर पडली ती हवा.

ताज्या, चांगल्या आइस्क्रीममध्ये बर्फाचे कण सुमारे २० ते ५० मायक्रॉन आकाराचे असतात आणि त्यापुढे गेले की जिभेला ते जाणवू लागतात. कारखान्यात मिश्रण सतत खरवडत आणि हवा मिसळत उणे ५-६ अंशांपर्यंत आणतात, आणि मग उणे ३० ते ४० अंशांच्या जोरदार गार वाऱ्यात ते झटपट कडक करतात. घरच्या फ्रीझरमध्ये खरवडणेही नाही आणि तसा वाराही नाही. त्यात अर्धवट वितळलेल्या डब्याची अडचण आणखी निराळी आहे. लहान कण आधी वितळतात, मोठे शिल्लक राहतात, आणि पुन्हा गोठताना ते सगळे पाणी नवे कण न बनवता उरलेल्या मोठ्या कणांवरच चढते. यामुळे एक विचित्र वाटणारी, पण खरी गोष्ट घडते : निम्मेअधिक वितळून तसेच गोठलेले आइस्क्रीम कधी कधी पूर्ण पातळ करून नव्याने फेटलेल्या आइस्क्रीमपेक्षा वाईट लागते. म्हणून निम्म्याहून जास्त वितळलेला डबा 'बघू, लागेल तसा लागेल' म्हणून तसाच आत ढकलू नये.

गोठायला इतके तास का लागतात, याचेही कारण समजून घेणे उपयोगी आहे. एक ग्रॅम पाणी एका अंशाने थंड करायला एक कॅलरी उष्णता काढावी लागते. शून्य अंशाच्या त्याच पाण्याचे शून्य अंशाचे बर्फ करायला मात्र ८० कॅलरी काढाव्या लागतात. त्यात आइस्क्रीममध्ये साखर असल्यामुळे ते शून्यावर गोठतच नाही. उणे अडीच-तीन अंशांवर गोठायला सुरुवात होते आणि उणे १८ अंशांवरही त्यातले सुमारे पाऊण पाणीच गोठलेले असते. फ्रीझर उणे १८ चा आणि गोठण्याची सुरुवात उणे ३ ला, म्हणजे उष्णता बाहेर ढकलण्यासाठी हाती उरतो तो केवळ १५ अंशांचा फरक. फ्रीझर उणे १० वरच रेंगाळत असेल तर हा फरक निम्म्यावर येतो आणि वेळ दुपटीवर जातो.

फ्रीझरची तयारी

आइस्क्रीम आत ठेवण्यापूर्वी फ्रीझर तयार करावा. दुहेरी दाराच्या बऱ्याच फ्रीजमध्ये झटपट गोठवण्याचे बटण असते. निर्मात्यानुसार त्यावर पॉवर फ्रीझ, फास्ट फ्रीझ किंवा एक्स्प्रेस असे लिहिलेले असते. ते अर्धा-एक तास आधी सुरू करावे. एकदारी फ्रीजमध्ये थंडावा वाढवणारी चकती सर्वांत वरच्या आकड्यावर न्यावी आणि काम झाल्यावर आठवणीने परत आणावी, नाही तर खालच्या कप्प्यातली कोथिंबीर गोठून जाते. बर्फकप्प्याच्या भिंतींवर अर्ध्या सेंटिमीटरहून जाड हिम चढले असेल तर ते थंडावा अडवते, म्हणून ते आधी काढावे. हे काम अर्थातच वितळलेले आइस्क्रीम हातात असताना सुरू करण्याचे नाही.

फ्रीजवरचे तारे पाहून फसू नये. दारावरच्या मोठ्या पट्टीवरील तारे विजेच्या बचतीचे असतात, त्यांचा फ्रीझरच्या तापमानाशी संबंध नसतो. फ्रीझरच्या झाकणावर किंवा आत हिमकणासारख्या चांदण्या कोरलेल्या असल्या तर त्या तापमान सांगतात : एक म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८ अंश. एक चांदणी असलेल्या कप्प्यात आइस्क्रीम कितीही तास ठेवले तरी मऊच राहणार. तेथे पुढची कोणतीही कृती करून उपयोग नाही. शेजाऱ्यांचा फ्रीझर गाठावा किंवा शेवटी दिलेल्या बर्फ-मिठाच्या मार्गाने जावे.

डबा दाराच्या फळीत ठेवू नये. तो फ्रीझरच्या तळाला किंवा मागच्या भिंतीला टेकवून, आणि पंखा असल्यास वाऱ्याच्या तोंडासमोर ठेवावा. मटारच्या पिशव्यांच्या ढिगावर तो ठेवला तर पिशव्यांमधली हवा थंडावा पोहोचू देत नाही. दोन-तीन डबे असतील तर एकावर एक न रचता मध्ये दोन बोटांचे अंतर सोडावे. या काळात दार उघडणे शक्य तितके टाळावे.

कडा सैल झालेला डबा

ही सर्वांत सोपी आणि सर्वाधिक वेळा येणारी परिस्थिती आहे. मध्ये घट्ट गोळा आणि भोवती पातळ रबडी असे रूप असेल, तर ते ढवळू नये. ढवळल्याने आतला थंडावा बाहेरच्या पातळ भागाला मिळतो खरा, परंतु उरलेले घट्ट आइस्क्रीमही सैल होते आणि त्यातली हवा निघून जाते. पातळ भाग एका वाटीत ओतून घ्यावा आणि तो तिथेच संपवावा किंवा चहाच्या कपाएवढ्या भांड्यात वेगळा गोठवावा. उरलेल्या गोळ्याच्या पृष्ठभागावर बटर पेपर किंवा स्वयंपाकाची पातळ प्लॅस्टिक फिल्म चिकटवून बसवावी, झाकण घट्ट लावावे आणि डबा ताबडतोब आत ठेवावा. अर्ध्या लिटरच्या डब्याला ३ ते ४ तास पुरतात, कारण येथे फक्त कडाच गोठायच्या असतात. चव शाबूत राहते, पोत किंचित उतरतो, आणि आठवड्याभरात ते संपवलेले बरे.

पूर्ण पातळ, परंतु अजून गार : वड्यांची पद्धत

माझ्या मते घरी करण्यासारखी ही सर्वांत चांगली पद्धत आहे, कारण यात मिश्रण लहान तुकड्यांत लवकर गोठते आणि मिक्सरमुळे मोठे कण फुटतात.

पातळ मिश्रण गाळणीतून स्वच्छ पातेल्यात गाळावे. काजू, मनुका, चॉकलेटचे तुकडे गाळणीत राहतील. ते वाटीत झाकून फ्रीजमध्ये ठेवावेत. पातेले बर्फाच्या पाण्याच्या परातीत १० मिनिटे ठेवून मिश्रण अधिक गार करावे. ही पायरी वगळण्याचा मोह होतो, पण त्यामुळे फ्रीझरमधला वेळ वाचतो आणि शेजारी ठेवलेल्या वस्तूही उबत नाहीत. अर्धा लिटर मिश्रणात दोन मोठे चमचे दूध पावडर थोड्या थंड दुधात गुठळी न होऊ देता कालवून घालावी. पावडर मोकळे पाणी धरून ठेवते, त्यामुळे मोठे कण व्हायला आळा बसतो. तिचे प्रमाण याहून वाढवू नये, कारण दुधातली साखर वेगळी होऊन वाळूसारखी रवाळ लागते आणि तो दोष मिक्सरनेही जात नाही. घरी जीएमएस आणि सीएमसी पावडर (वर सांगितलेल्या इमल्सिफायर-स्टॅबिलायझरपैकीच) घालून आइस्क्रीम करण्याची सवय असलेल्यांनी येथे त्या पावडरी पुन्हा घालू नयेत. विकतच्या मिश्रणात त्या किंवा त्यांचे भाऊबंद आधीच असतात.

हे मिश्रण बर्फाच्या ट्रेमध्ये ओतावे. मासळी-मटणाच्या शेजारी ठेवायचे असेल तर ट्रे झाकावा. स्निग्ध पदार्थ वास लगेच पकडतात. साधारण ३ तासांनी एक वडी काढून सुरीने कापून पाहावी. मध्यभागी पाक दिसला नाही, म्हणजे वडी तयार आहे. दरम्यान मिक्सरचे भांडे आणि ज्यात आइस्क्रीम भरायचे तो डबा, दोन्ही अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवलेले असावेत.

आता वड्या थोड्या थोड्या करून भांड्यात घ्याव्यात, भांडे निम्म्याहून जास्त भरू नये. एक-दोन चमचे थंड फ्रेश क्रीम घालून मिक्सर थांबत थांबत, पाच-सात सेकंदांच्या झटक्यांनी फिरवावा. आधी भुसभुशीत चुरा होईल, मग तो भांड्याच्या कडांना चिकटेल, आणि चमच्याने खाली ढकलून पुन्हा फिरवल्यावर फिकट रंगाचे, मऊ, लवचीक मिश्रण दिसू लागेल. रंग फिकट होणे ही हवा शिरल्याची खूण आहे. येथेच थांबावे. अधिक फिरवल्यास मिक्सरच्या उष्णतेने ते वितळू लागते आणि स्निग्धांश जास्त असलेल्या आइस्क्रीममध्ये लोण्याचे पिवळसर कण जमतात. ते एकदा दिसले की त्यांना परत मिसळवता येत नाही.

मिश्रण गार डब्यात भरून, बाजूला ठेवलेला सुकामेवा वरून मिसळून, पृष्ठभागावर बटर पेपर बसवून फ्रीझरमध्ये ठेवावे. ते आधीच निम्मे गोठलेले असल्यामुळे अर्ध्या लिटरला ३ ते ४ तासांत स्कूप काढण्याइतका घट्टपणा येतो. म्हणजे वड्यांचे ३ आणि नंतरचे ४ मिळून एकूण वेळ सरळ डबा ठेवण्याइतकाच लागतो, परंतु कण मोठे व्हायला सवड मिळत नाही.

मिक्सर नसेल तर ताट

ज्यांच्याकडे वीज आहे पण मिक्सर नाही, किंवा प्रमाण एक लिटरहून जास्त आहे, त्यांनी काठाचे ताट, केकचा पत्र्याचा साचा किंवा रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मिळतात तसले ॲल्युमिनियमचे उथळ डबे वापरावेत. उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियम स्टीलच्या कितीतरी पुढे आहे आणि प्लॅस्टिक दोघांच्याही फार मागे. तरीही भांड्याच्या धातूपेक्षा थराची जाडी अधिक महत्त्वाची आहे. चार सेंटिमीटर थराच्या ॲल्युमिनियमपेक्षा दोन सेंटिमीटर थराचे स्टील बरे.

ताट झाकून फ्रीझरच्या तळाला टेकवून ठेवावे. ४५ मिनिटांनी कडेला गोठलेला भाग काट्याने खरवडून मध्ये आणावा आणि अर्धा मिनिट जोरात फेटावे. त्यानंतर दर अर्ध्या तासाने असे तीनदा करावे. शेवटच्या फेटण्याला मिश्रण श्रीखंडाइतके दाट झालेले असते; तेव्हा ते गार डब्यात भरून आणखी ४ ते ५ तास ठेवावे. हात दुखतो, आणि हवा मिक्सरइतकी शिरत नाही. तरी न फेटता ठेवलेल्या डब्यापेक्षा निकाल कितीतरी चांगला येतो.

वीज येण्याची वाट पाहता येत नसेल तर

लाकडी बादलीत बर्फ आणि जाडे मीठ घालून हाताने फिरवायचे पॉट आइस्क्रीम ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे नवे नाही. तीन भाग फोडलेल्या बर्फाला एक भाग जाडे मीठ मिसळले की त्या खाऱ्या चिखलाचे तापमान उणे १८ ते २० अंशांपर्यंत उतरू शकते. मीठ-पाण्याच्या मिश्रणाची तळाची मर्यादा सुमारे उणे २१ अंश आहे. फ्रीझरमधली हवाही तेवढीच थंड असते, पण हवेपेक्षा खारे पाणी डब्याला चहूबाजूंनी भिडते आणि उष्णता झपाट्याने ओढून घेते. हा या पद्धतीचा खरा फायदा आहे.

मोठे पातेले किंवा बादली घेऊन तिच्याभोवती जुने गोणपाट किंवा जाड टॉवेल गुंडाळावा. तळाशी बर्फ, त्यावर मीठ असे थर देऊन मध्ये घट्ट झाकणाचा स्टीलचा उभा डबा बसवावा. डबा दोन-तृतीयांशच भरलेला असावा आणि बर्फाची पातळी झाकणाच्या चार बोटे खाली राहावी, कारण एक चमचा खारे पाणी आत गेले तरी सगळे मिश्रण वाया जाते. डबा हाताने उलटसुलट फिरवत राहावे, दर आठ-दहा मिनिटांनी झाकण पुसून उघडावे आणि कडेचे मिश्रण लाकडी उलथन्याने खरवडून मध्ये आणावे. अर्धा लिटर मिश्रण पाऊण ते एका तासात मऊ आइस्क्रीमइतके घट्ट होते. त्यापुढे कडक करायला फ्रीझर हवाच, त्यामुळे या मार्गाने केलेले आइस्क्रीम तेव्हाच वाढावे. खारा बर्फ उघड्या हाताने धरू नये, कातडीला इजा होते. विकत आणलेली बर्फाची लादी खाण्याच्या बर्फाची नसेल तर तिचा थेंबही डब्यात जाऊ देऊ नये. काम झाल्यावर ते पाणी कुंड्यांत ओतू नये.

घट्ट झाले हे कसे ओळखावे

वरचा थर कडक लागणे ही खात्रीची खूण नाही, कारण गोठणे बाहेरून आत जाते आणि मध्यभाग शेवटी गोठतो. पातळ सुरी डब्याच्या मध्यभागी सरळ खाली खुपसावी. ती सर्वत्र सारखा विरोध करत गेली आणि बाहेर काढल्यावर पात्यावर ओला पाक नसला, तर काम झाले आहे. थर्मामीटर असेल तर मध्यभागी उणे १२ ते १४ अंश हे वाढण्याचे आणि उणे १८ हे साठवण्याचे तापमान. पुन्हा गोठवलेल्या आइस्क्रीममध्ये हवा कमी असल्याने ते उणे १८ ला दगडासारखे लागते. वाढण्यापूर्वी डबा १० ते १५ मिनिटे खालच्या फ्रीजमध्ये ठेवावा, ओट्यावर नव्हे. ओट्यावर ठेवलेल्या डब्याच्या कडा पुन्हा वितळतात आणि सगळा खटाटोप पहिल्यापासून सुरू होतो. एकदा गोठवलेला डबा परत पातळ झाला, तर तिसऱ्यांदा गोठवण्याच्या भानगडीत पडू नये. डब्यावर पुन्हा गोठवल्याची तारीख लिहून ठेवावी आणि आठ-दहा दिवसांत तो संपवावा.

आइस्क्रीम होणार नसेल तेव्हा

सर्वच प्रकारांना ही मेहनत सारखी लागू पडत नाही. कुल्फीत हवा मुळातच नाममात्र असते आणि दूध आटवलेले असल्याने मोकळे पाणी कमी असते, त्यामुळे पातळ झालेली कुल्फी साच्यात परत ओतून ५ ते ६ तास ठेवली की जवळजवळ पूर्ववत होते. पाण्याच्या आइसकँडीचे आणि फळांच्या सरबती आइस्क्रीमचे बर्फ होते. ते खरवडून गोळ्यासारखे खावे. कोनमधला कुरकुरीत भाग एकदा भिजला की त्याला कोणताही फ्रीझर वाचवू शकत नाही. बिस्किटांच्या सँडविच आइस्क्रीमचेही तेच.

साध्या मलई, आंबा, सीताफळ किंवा केशर-पिस्त्याच्या गार, पण पूर्ण पातळ झालेल्या डब्यासाठी मात्र पुणेकरांना फार लांब जावे लागत नाही. मस्तानीत दाट गार दूध आणि वर आइस्क्रीमचा गोळा, एवढाच ऐवज असतो. वितळलेले आइस्क्रीम हा त्यातला पहिला निम्मा भाग आयताच तयार असतो. तीन वाट्या पातळ आइस्क्रीम, एक वाटी अगदी थंड सायीचे दूध आणि हंगामात हापूसचा रस असे मिक्सरमधून एकदा फिरवून उंच पेल्यात ओतावे, वर ताज्या डब्यातला एक गोळा आणि सुकामेवा घालावा. हे लगेच प्यायचे असते, तासभर ठेवून नव्हे. ताजा डबा घरात नसेल तर वरचा गोळा वड्यांच्या पद्धतीने केलेल्या आइस्क्रीमचा चालतो. खाली दाट दूध असल्यामुळे त्याचा किंचित रवाळपणा कळत नाही. पुण्यात निंबाळकर तालमीजवळ मस्तानीसाठी रांगेत उभे राहणाऱ्यांना ही मस्तानी पसंत पडेलच असे मी म्हणणार नाही, पण घरच्या मंडळींना पडते.

पाहुण्यांसाठी आणलेला ४ लिटरचा डबा निम्मा पातळ झाला असेल आणि पाहुणे संध्याकाळी येणार असतील, तर तो अख्खा डबा फ्रीझरमध्ये ठेवून संध्याकाळपर्यंत गोठेल ही आशा सोडावी. घट्ट भाग लहान डब्यांत काढून लगेच आत ठेवावा, तो ४ तासांत वाढण्याजोगा होईल. पातळ भागापैकी एक लिटर ताटांत पसरावा, आणि उरलेले सगळे झाकून, खालच्या फ्रीजमध्ये अगदी मागे, मस्तानीसाठी ठेवावे.